चार लाख की एक लाख बारा हजार? लठ्ठपणाच्या बळींच्या मोजणीचं एक प्रकरण

मार्च २००४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीतल्या, म्हणजे रोगनियंत्रणाचं काम पाहणाऱ्या तिथल्या केंद्रीय संस्थेतल्या चार जणांनी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. २००० साली अमेरिकेत सुमारे २४ लाख माणसं मेली. त्यांच्या दाखल्यांवर हृदयविकार, कर्करोग, पक्षाघात अशी कारणं होती. त्या कारणांच्या मागे काय होतं, ते या लेखकांना शोधायचं होतं. त्यांची यादी अशी निघाली: तंबाखूमुळे ४,३५,०००, चुकीचा आहार आणि हालचालीचा अभाव यांमुळे ४,००,०००, दारूमुळे ८५,०००. दुसरा आकडा लवकरच पहिल्याला मागे टाकेल, असा इशाराही सोबत होता. लेखकांत संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुख ज्युली गर्बर्डिंग यांचं नाव असल्यामुळे आकड्याला सरकारी वजन आपोआप आलं. लेखात शब्द ‘आहार आणि हालचाल’ असे होते, पण हिशेब लोकांच्या वजनावरून केलेला होता. बातम्यांमध्ये मग सरळ ‘लठ्ठपणाचे चार लाख बळी’ असंच आलं.

जानेवारी २००५ मध्ये त्याच नियतकालिकात दुरुस्ती छापून आली. आकडेमोडीत चुका झाल्या होत्या आणि ४,००,००० च्या जागी ३,६५,००० वाचावं, असं त्यात होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर हे प्रकरण लिहिण्याजोगं नव्हतं. एप्रिल २००५ मध्ये, पुन्हा ‘जामा’तच, कॅथरीन फ्लेगल आणि तीन सहकाऱ्यांचा लेख आला. फ्लेगल सीडीसीच्याच छत्राखालच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्रात काम करत होत्या. त्यांनीही वर्ष घेतलं २००० आणि देश तोच. लठ्ठपणाशी जोडलेले अतिरिक्त मृत्यू त्यांच्या हिशेबात १,११,९०९ निघाले. कमी वजनाशी जोडलेले ३३,७४६. आणि लठ्ठ नाहीत पण वजन जादा आहे अशा मधल्या गटासमोर आकडा होता उणे ८६,०९४. म्हणजे या गटात अपेक्षेपेक्षा तेवढे मृत्यू कमी झाले होते.

एकाच संस्थेतून, सव्वा वर्षाच्या आत, तज्ज्ञांच्या तपासणीतून गेलेले दोन आकडे आले आणि दुसरा पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान होता. त्यावर ते उणे चिन्ह. काही बातमीदारांनी १,११,९०९ मधून ८६,०९४ वजा करून ‘जादा वजन आणि लठ्ठपणा मिळून फक्त २६ हजार बळी’ अशीही मांडणी केली. खाद्य आणि हॉटेल व्यवसायाच्या पैशावर चालणाऱ्या एका गटानं वर्तमानपत्रांत मोठाल्या जाहिराती देऊन लठ्ठपणाची भीती हा निव्वळ बागुलबुवा असल्याचं जाहीर केलं. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागात फ्लेगल यांच्या लेखाचा समाचार घेणारी सभा झाली. जूनमध्ये गर्बर्डिंग यांनी लोकांमध्ये झालेल्या गोंधळाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

कोण बरोबर होतं? मला वाटतं, हा प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवतो. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली होती आणि भांडण मात्र एकाच उत्तरावर चाललं होतं.

हिशेबाची रीत

वजनाचे गट बीएमआयवरून पडतात. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. बेल्जियमचे गणिती अ‍ॅडॉल्फ केटले यांना १८३० च्या दशकात प्रौढांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं दिसलं होतं. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव त्याला अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं. १८.५ च्या खाली कमी वजन, १८.५ ते २५ सामान्य, २५ ते ३० जादा, ३० च्या वर लठ्ठपणा. या रेषा आकाशातून पडलेल्या नाहीत. १९९८ पर्यंत अमेरिकेत जादा वजनाची रेषा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ होती. ती २५ वर आणल्याबरोबर अडीच कोटींहून अधिक माणसं एका दिवसात ‘जादा वजनाची’ झाली, आदल्या दिवशीइतकीच निरोगी किंवा आजारी असूनही.

आता बळी कसे मोजतात ते पाहू. ‘लठ्ठपणा’ हे कारण दाखल्यावर क्वचितच असतं, त्यामुळे दाखले मोजून काही हाती लागत नाही. आधी एखाद्या दीर्घ पाहणीतून सापेक्ष धोका काढतात, म्हणजे अमुक गटातल्या लोकांचं मरणाचं प्रमाण तुलनेच्या गटाच्या किती पट आहे ते. मग लोकसंख्येत त्या गटाचे किती टक्के लोक आहेत ते पाहतात. या दोन्हींवरून एकूण मृत्यूंमधला त्या गटाचा वाटा निघतो.

काल्पनिक आकड्यांनी करून पाहू. १०० पैकी ३५ माणसं जादा वजनाच्या गटात आहेत आणि त्यांचा धोका ५ टक्क्यांनी जास्त आहे असं धरा. २४ लाख मृत्यूंपैकी साधारण ४१ हजार त्या गटाच्या नावावर पडतील. आता धोका ५ टक्क्यांनी कमी धरा. खातं उणे ४३ हजारांवर येईल. सापेक्ष धोका १.०५ की ०.९५, एवढ्याशा फरकानं ८४ हजार माणसं इकडची तिकडे होतात. इतका बारीक फरक पकडणं कोणत्याही पाहणीला जड जातं. फ्लेगल यांनी आपल्या आकड्यांसोबत अनिश्चिततेची कक्षाही छापली होती: लठ्ठपणाचे १,११,९०९ हे ५३,७५४ ते १,७०,०६४ यांच्यामध्ये कुठेही असू शकत होते, आणि तो उणे आकडा उणे १,६१,२२३ पासून उणे १०,९६६ पर्यंत. बातम्यांमध्ये कक्षा गळाली, मधला आकडा तेवढा राहिला. तसं नेहमीच होतं.

तफावत कुठून आली

पहिलं कारण साधं. २००४ च्या लेखातले सापेक्ष धोके ज्या सहा पाहण्यांतून घेतले होते त्यांत अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून चाललेली हृदयविकाराची पाहणीही होती. काही पाहण्यांत लोकांनी आपलं वजन स्वतःच सांगितलेलं होतं, आणि माणूस उंची सांगताना थोडी वाढवतो आणि वजन सांगताना थोडं उतरवतो, हे सगळीकडे सारखंच. फ्लेगल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य आणि पोषण पाहणीच्या तीन फेऱ्या वापरल्या. पहिली १९७१ मध्ये सुरू झालेली, तिसरी १९९४ मध्ये संपलेली. या पाहणीत प्रत्येकाला प्रत्यक्ष काट्यावर उभं करतात आणि निवडलेली माणसं सगळ्या देशाचं प्रतिनिधित्व करतील अशी घेतात. तिसऱ्या फेरीत लठ्ठपणाचा धोका पहिल्या फेरीपेक्षा कमी दिसला. ती माणसं कमी काळ नजरेखाली होती, हा त्यावरचा एक आक्षेप. पण दुसरी शक्यताही तितकीच खरी वाटते. मधल्या काळात रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवरची औषधं सर्रास झाली होती, हृदयविकाराचे उपचार सुधारले होते. म्हणजे वजन माणसाला ज्या वाटांनी मारतं, त्यांतल्या काही वाटांवर पहारा बसला होता. कोपनहेगनमध्ये वेगवेगळ्या काळांत तपासलेल्या तीन गटांची तुलना २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा हेच दिसलं. सर्वांत कमी मृत्यूदर ज्या बीएमआयला दिसतो तो बिंदू १९७० च्या दशकातल्या गटात २३.७, १९९० च्या दशकातल्या गटात २४.६ आणि २००३ नंतरच्या गटात २७.० होता.

दुसरं कारण वयाचं, आणि याकडे लोकांचं फार कमी लक्ष गेलं. अमेरिकेत चारातले तीन मृत्यू ६५ वर्षांवरच्यांचे असतात. वजनाचा सापेक्ष धोका मात्र वयाबरोबर उतरत जातो. नंतरच्या एका प्रचंड अभ्यासात, ज्याच्याकडे पुढे येऊच, बीएमआय ५ नं वाढला की ३५ ते ४९ या वयात मृत्यूचा धोका ५२ टक्क्यांनी वाढताना दिसला, तर ७० ते ८९ या वयात २१ टक्क्यांनी. २००४ च्या लेखात सगळ्या वयांना एकच सापेक्ष धोका लावला होता. बहुसंख्य मृत्यू म्हाताऱ्यांचे आणि धोका तरुणांच्या बाजूला झुकलेला, मग आकडा फुगणारच. शिवाय सूत्र वापरण्यातही एक तांत्रिक चूक होती. वय आणि धूम्रपान यांचा परिणाम वजा करून काढलेले धोके अशा सूत्रात घातले होते जे तसे धोके घातल्यावर बरोबर चालत नाही. फ्लेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००४ मध्येच स्वतंत्रपणे लिहिलं होतं. या मुद्द्यावर त्यांची बाजू मला निर्विवाद वाटते.

तिसरं कारण तुलनेच्या गटाचं. खरं पाणी मुरतं ते इथे.

कोणाच्या तुलनेत?

फ्लेगल यांनी जादा वजनाच्या लोकांची तुलना १८.५ ते २५ या सबंध गटाशी केली होती. या गटात कोण कोण येतं? निरोगी, हाडापेरानं सडसडीत माणसं येतात. दिवसाला वीस सिगारेटी ओढणारी बारीक माणसंही येतात, कारण धूम्रपानानं भूक मरते आणि वजन उतरतं. आणि अशीही माणसं येतात ज्यांचं वजन एखाद्या न सापडलेल्या कर्करोगानं, फुप्फुसांच्या जुन्या विकारानं किंवा थकत चाललेल्या हृदयानं आधीच खाल्लेलं असतं. पाहणीच्या दिवशी ती सामान्य वजनाची दिसतात, तीन वर्षांनी मरतात आणि त्यांचा मृत्यू सामान्य वजनाच्या खात्यावर जमा होतो. यालाच उलटं कार्यकारण म्हणतात: वजन कमी म्हणून आजार नव्हे, आजार आहे म्हणून वजन कमी. लंगडत धावणारा सोबत असला की शर्यतीत कुणीही वेगवान दिसतो. जादा वजनाच्या गटाचं तसं झालं, असा हार्वर्डकरांचा आक्षेप होता.

त्यांच्याकडे त्यासाठी आधार होता. तिथल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत १,१५,१९५ स्त्रियांवर सोळा वर्षं लक्ष ठेवलं होतं आणि १९९५ मध्ये निष्कर्ष छापले होते. सगळ्या स्त्रिया एकत्र घेतल्या तर आलेख दोन्ही टोकांना वर जात होता, बारीक बायकाही जास्त मरत होत्या. आयुष्यात कधीही सिगारेट न ओढलेल्या घेतल्या आणि सुरुवातीच्या चार वर्षांतले मृत्यू वगळले, की डावं टोक सपाट झालं. सर्वांत कमी मृत्यू १९ पेक्षा कमी बीएमआय असलेल्यांत दिसले. पाहणी तीच होती, बदलली होती फक्त चाळणी.

फ्लेगल यांचं उत्तरही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. आपण धूम्रपान लक्षात घेतलेलंच आहे, सुरुवातीचे मृत्यू वगळूनही पाहिलं आणि चित्र फारसं पालटलं नाही, असं त्यांचं म्हणणं. वर त्यांचा प्रतिप्रश्न होता: वगळून वगळून किती वगळणार? ज्यांचे मृत्यू मोजायचे आहेत तीच माणसं बाजूला काढली, तर उरलेला नमुना देशाचा राहतो कुठे? वृद्धापकाळात पूर्णपणे निरोगी आणि धूम्रपानाला कधीही न शिवलेली माणसं किती असतात?

दोन प्रश्न वेगळे कसे होते ते इथे उघडं पडतं. आज जशी आहे तशी लोकसंख्या, तिच्यातल्या आजाऱ्यांसह आणि सिगारेट ओढणाऱ्यांसह, घेतली तर कोणत्या वजनगटात किती माणसं मरतात, हा हिशेबनिसाचा प्रश्न. फ्लेगल यांनी त्याचं प्रामाणिक उत्तर दिलं. बाकी सगळं तेच ठेवून फक्त चरबी वाढली तर आयुष्याचं काय होतं, हा शरीरशास्त्राचा प्रश्न, आणि हार्वर्डकर त्याच्या मागे होते. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर वाचणारे वाचक आणि बातमीदार दोन्ही बाजूंना होते. खरं सांगायचं तर काही शास्त्रज्ञही होते.

दुसरी फेरी

जानेवारी २०१३ मध्ये फ्लेगल पुन्हा आल्या. या वेळी ९७ अभ्यास, २८.८ लाख माणसं आणि २.७ लाखांहून जास्त मृत्यू एकत्र केले होते. जादा वजनाच्या गटाचा मृत्यूचा धोका सामान्य गटापेक्षा ६ टक्क्यांनी कमी. ३० ते ३५ या पहिल्या पायरीच्या लठ्ठपणात फरक म्हणावा असा नाही. ३५ च्या वर मात्र २९ टक्क्यांनी जास्त. हार्वर्डचे पोषणतज्ज्ञ वॉल्टर विलेट रेडिओवर म्हणाले की हा अभ्यास म्हणजे कचऱ्याचा ढीग आहे आणि तो वाचण्यात कुणी वेळ घालवू नये. शास्त्रीय वादात असली भाषा ऐकली की मला आधी बोलणाऱ्याचीच काळजी वाटते. फेब्रुवारीत हार्वर्डमध्ये खास सभा भरली. फ्लेगल यांनी या सगळ्याबद्दल २०२१ मध्ये एक वैयक्तिक टिपण प्रसिद्ध केलं, आणि ते वाचताना जाणवतं की मतभेद पद्धतीपुरता राहिला नव्हता.

विरोधकांचं खरं उत्तर, म्हणजे वर उल्लेख आलेला तो प्रचंड अभ्यास, जुलै २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलं. चार खंडांतल्या २३९ अभ्यासांमधली एक कोटीहून जास्त माणसं त्यांनी गोळा केली आणि मग चाळणी लावली. कधीही धूम्रपान न केलेली, सुरुवातीला दीर्घ आजार नसलेली आणि पहिली पाच वर्षं पार केलेली माणसं तेवढी ठेवली. उरली ३९.५ लाख माणसं आणि ३,८५,८७९ मृत्यू. या चाळणीनंतर सर्वांत कमी मृत्यू २० ते २५ या पट्ट्यात होते. २२.५ ते २५ शी तुलना केली तर २५ ते २७.५ मध्ये धोका ७ टक्क्यांनी जास्त, २७.५ ते ३० मध्ये २० टक्क्यांनी, ३० ते ३५ मध्ये ४५ टक्क्यांनी आणि ३५ ते ४० मध्ये जवळजवळ दुप्पट. पुरुषांमध्ये वाढ स्त्रियांपेक्षा तीव्र होती. बारीक बाजूला १८.५ ते २० मध्ये १३ टक्के आणि त्याखाली ५१ टक्के जादा धोका चाळणीनंतरही राहिलाच. तो पूर्णपणे आजार आणि सिगारेट यांच्या माथी मारता येत नाही.

तीन वर्षांनी जनुकांच्या बाजूनं एक पुरावा आला. वजन वाढवणारी जनुकं जन्मतःच मिळतात, पुढे सिगारेट ओढली किंवा आजार झाला म्हणून ती बदलत नाहीत. म्हणून उलट्या कार्यकारणाचा घोळ तिथे बराच टळतो. नॉर्वे आणि ब्रिटनमधल्या चार लाखांहून अधिक लोकांवर असा अभ्यास झाला. कधीही धूम्रपान न केलेल्यांत जनुकांनी वर्तवलेलं वजन वाढत गेलं तसा मृत्यूचा धोका वाढतच गेला. डावीकडचा चढ दिसला तो धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्यांमध्ये.

माझा कौल इथे चाळणीच्या बाजूनं आहे, एक अट घालून. २५ ते २७.५ या पट्ट्यातला ७ टक्के जादा धोका खरा असला तरी तो फार छोटा आहे. तेवढ्यावरून एखाद्या साठीतल्या माणसाला घाबरवून सोडणं अस्थानी ठरेल.

सगळा धुरळा बसल्यावर एक गोष्ट लक्षात येते. भांडण चाललं ते २५ ते ३५ या पट्ट्यावर. ३५ च्या वर काय होतं, यावर दोन्ही गट पहिल्या दिवसापासून एकमतानं बोलत होते. फ्लेगल यांच्या २००५ च्या १,११,९०९ मृत्यूंमधले ८२,०६६ हे ३५ च्या वरचे होते आणि फक्त २९,८४३ हे ३० ते ३५ मधले, जरी ३० ते ३५ मध्ये माणसं कितीतरी जास्त असतात. ‘लठ्ठपणा हा बागुलबुवा’ असं छापणाऱ्या जाहिरातदारांना हा तक्ता त्याच लेखात सापडला असता.

मेलेल्यांची संख्या की गेलेली वर्षं

वर्षात किती बळी, या मोजणीतच एक खोट आहे. प्रत्येक जण कधी ना कधी मरतोच. त्यामुळे ‘लठ्ठपणामुळे झालेला मृत्यू’ याचा अर्थ फार तर ‘ठरल्यापेक्षा आधी आलेला मृत्यू’ एवढाच होतो. तो किती आधी आला, हे अशा आकड्यात कुठेच दिसत नाही. पंचेचाळिशीत गेलेला आणि पंच्याऐंशीत गेलेला, दोघांची नोंद एकेकच.

वर्षांत मोजलं की चित्र जास्त कामाचं होतं. ५७ अभ्यास आणि नऊ लाख माणसं घेऊन २००९ मध्ये केलेल्या विश्लेषणात ३० ते ३५ बीएमआयला आयुष्य २ ते ४ वर्षांनी कमी दिसलं आणि ४० ते ४५ ला ८ ते १० वर्षांनी. दुसरा आकडा आयुष्यभर सिगारेट ओढण्याच्या तोट्याइतका आहे. ब्रिटनमधल्या ३६ लाख रुग्णनोंदींवरून २०१८ मध्ये काढलेला हिशेबही मिळताजुळता आहे. चाळिसाव्या वर्षी लठ्ठ असलेल्या पुरुषाचं उरलेलं आयुष्य सरासरी ४.२ वर्षांनी आणि स्त्रीचं ३.५ वर्षांनी कमी. त्याच नोंदींत कमी वजनाच्या पुरुषाचं ४.३ आणि स्त्रीचं ४.५ वर्षांनी कमी निघालं, अर्थात या बाजूला आजारानं वाळलेल्यांची भर असतेच.

काट्याला काय दिसत नाही

वादातल्या दोन्ही बाजू एकाच काट्यावर विसंबल्या होत्या, आणि तो काटा एका दिवसाचं वजन सांगतो. माणसानं चाळिशीत कमावलेलं वजन साठीत आजारानं गमावलेलं असू शकतं. अमेरिकेतल्या अँड्र्यू स्टोक्स आणि सॅम्युअल प्रेस्टन यांनी २०१६ मध्ये लोकांचं आजचं वजन बाजूला ठेवून आयुष्यातलं सर्वाधिक वजन विचारात घेतलं. आज सामान्य दिसणारे पण पूर्वी लठ्ठ असलेले लोक वेगळे मोजल्यावर, कायम सामान्य वजनाच्या लोकांचा मृत्यूदर चांगलाच खाली आला आणि वजनाचा धोका वर गेला. मला या सगळ्या वादातलं हे सर्वांत चतुर पाऊल वाटतं. यात कुणाला वगळावं लागत नाही, फक्त आणखी एक प्रश्न विचारावा लागतो.

चरबी कुठे आहे, हेही काट्याला कळत नाही. पोटात, यकृताभोवती साठलेली चरबी आणि मांडीवरची चरबी या दोन्ही सारख्या नाहीत. पहिली मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेते. २००४ मध्येच, चार लाखांचा आकडा गाजत असताना, ‘लॅन्सेट’मध्ये दोन शास्त्रज्ञांचं एक छायाचित्र छापून आलं होतं. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ ला जास्तीचे इशारेबिंदू सुचवले. अमेरिकेतल्या वादात या गोष्टीचा उल्लेख जवळजवळ नव्हता.

तिसरा प्रश्न

वाचकाचा प्रश्न या दोन्हींहून निराळा असतो. माझं वजन ३२ च्या बीएमआयइतकं आहे. ते मी उतरवलं तर जास्त जगेन का? चार लाख असो की एक लाख बारा हजार, दोन्ही आकडे याचं उत्तर देत नाहीत. जास्त वजनाचे लोक लवकर मरतात यावरून वजन उतरवलेले लोक उशिरा मरतील असं सिद्ध होत नाही, ते करूनच पाहावं लागतं.

करून पाहिलं तेव्हा निकाल सरळ आला नाही. अमेरिकेतच टाइप २ मधुमेह असलेल्या ५,१४५ जणांची चाचणी झाली. अर्ध्यांना आहार आणि व्यायामाचं कसून मार्गदर्शन मिळालं. पहिल्या वर्षी त्यांचं वजन ८.६ टक्क्यांनी उतरलं, शेवटी ६ टक्क्यांवर टिकलं. साखर, रक्तदाब, हालचाल सुधारली. पण साडेनऊ वर्षांनंतरही हृदयविकाराचे झटके आणि हृदयाशी संबंधित मृत्यू यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही, आणि चाचणी २०१२ मध्ये थांबवली गेली. स्वीडनमध्ये लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया केलेल्यांवर कित्येक दशकं लक्ष ठेवलं गेलं. २०२० मधल्या हिशेबानुसार शस्त्रक्रिया न केलेल्या लठ्ठ लोकांपेक्षा ते सरासरी ३ वर्षं जास्त जगले, पण सर्वसाधारण लोकांपेक्षा ५.५ वर्षं कमी. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

२०२३ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधाच्या चाचणीचे निकाल आले. हृदयविकार असलेले पण मधुमेह नसलेले, २७ किंवा जास्त बीएमआयचे १७,६०४ जण त्यात होते. औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी ९.४ टक्क्यांनी उतरलं, आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयामुळे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ८.० टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आलं. वजन पुरतं उतरायला वर्षाहून जास्त काळ लागला, पण दोन गटांच्या आलेखरेषा पहिल्या काही महिन्यांतच एकमेकींपासून दूर जाऊ लागल्या होत्या. २०२५ मध्ये त्याच चाचणीचं पुढचं विश्लेषण झालं. कंबरेचा घेर कमी होण्याच्या वाट्याला फायद्याचा साधारण एक तृतीयांश भाग आला. औषध घेणाऱ्यांपैकी कुणाचं वजन किती उतरलं, याच्याशी मात्र फायद्याचा मेळ बसला नाही.